अपमानाचे उत्तर : पालि साहित्याच्या साक्षीने

वर्षावासातील एका रविवारी विहारात 'अक्कोस सुत्ता'वर बोलण्याचा प्रसंग आम्हांस आला होता. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. भारद्वाज गोत्राचा एक ब्राह्मण संतापून भगवंतांकडे येतो आणि त्यांना शिव्या देतो. घरी आलेल्या पाहुण्यांनी पुढे वाढलेले अन्न घेतले नाही तर ते कोणाचे राहते, असे भगवंत त्याला विचारतात. ब्राह्मण म्हणतो, ते माझेच राहते. मग तुझे हे अपशब्द आम्ही स्वीकारीत नाही, ते तुझेच राहिले, असे भगवंत त्याला सांगतात. कथा सांगून झाली, श्रोत्यांनी साधुकार दिला. त्यानंतर एक तरुण उपासिका आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, जयभीम. न घेतलेलं अन्न यजमानाचं राहतं, हे पटलं. पण आमच्या ऑफिसात तेच अन्न रोज नव्यानं माझ्याच ताटात वाढलं जातं. किती दिवस नुसतं ताट मागे सरकवत बसायचं?"

तिच्या कार्यालयात तिला कोणी उघड शिवी देत नव्हते. बढतीची यादी लागली की, 'तुमचं बरं आहे, जागा राखूनच ठेवलेली असते' असे कोणीतरी हसत म्हणे. नवा माणूस आला की, 'पूर्ण नाव काय?' असा प्रश्न येई आणि आडनाव कळताच बोलण्याचा सूर बदले. चौदा एप्रिलच्या आसपास मिरवणुकीच्या वाजंत्रीवर विनोद होत. यांतील एकही गोष्ट पोलीस ठाण्यात नेण्याजोगी तिला वाटत नव्हती आणि एकही विसरण्याजोगी नव्हती. त्या दिवशी आम्ही तिला क्षमेविषयी चार शब्द सांगितले. तिचे समाधान झाले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. खरे तर आमचेही झाले नव्हते. म्हणून घरी येऊन आम्ही मूळ ग्रंथ पुन्हा उघडले. प्रस्तुत लेख हे त्या उपासिकेला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : अपमान मुकाट्याने गिळावा, असे पालि साहित्य सांगत नाही. क्रोध टाकावा असे ते सांगते. पण क्रोध टाकणे आणि उत्तर टाकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या प्रवचनांतून पहिली गोष्ट पुष्कळ सांगितली जाते, दुसरी मात्र मागे पडते.

एका क्रियापदाचा अर्थ

दीघ निकायातील पहिलेच सुत्त, ब्रह्मजाल सुत्त, निंदेच्या प्रसंगाने सुरू होते. भगवान भिक्खुसंघासह राजगृह ते नालंदा या मार्गाने जात आहेत. मागून सुप्पिय नावाचा परिव्राजक आपल्या ब्रह्मदत्त या शिष्यासह चालला आहे. गुरू बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करतो, शिष्य स्तुती करतो. अंबलट्ठिकेच्या राजविश्रामगृहात मुक्काम पडतो. पहाटे भिक्खूंमध्ये याचीच चर्चा सुरू होते. तेव्हा भगवंत जे सांगतात त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग असा की, कोणी निंदा केली तर मनात राग किंवा खिन्नता आणू नये. त्याचे कारणही ते देतात. रागावलेल्या माणसाला समोरच्याचे बोलणे खरे की खोटे, हेच उमगत नाही. म्हणजे येथे क्रोधाचा त्याग पुण्यासाठी सांगितलेला नाही, तर बुद्धी शाबूत राहावी म्हणून सांगितलेला आहे.

दुसरा भाग आपल्याकडे क्वचितच उद्धृत होतो. जे असत्य आहे ते असत्य म्हणून उलगडून दाखवावे. हे असे नाही, हे या कारणाने खरे नाही, ही गोष्ट आमच्यात नाही, असे स्पष्ट सांगावे, असा तेथे आदेश आहे. त्यासाठी जे क्रियापद योजले आहे ते 'निब्बेठेति'. 'वेठेति' म्हणजे गुंडाळणे. आपला 'वेष्टन' हा शब्द याच धातूचा. 'निब्बेठेति' म्हणजे गुंडाळलेले सोडविणे, पीळ उकलणे. निंदेला निंदेने उत्तर देणे म्हणजे गुंत्यात आणखी एक गाठ मारणे. गप्प बसणे म्हणजे गुंता तसाच राहू देणे. भगवंतांनी सांगितलेला मार्ग या दोहोंपेक्षा निराळा आहे. तो गुंता सोडविण्याचा आहे आणि त्यासाठी हात थरथरता कामा नये, म्हणून आधी क्रोध टाकावयाचा आहे.

या अर्थाने पाहिले तर अक्कोस सुत्तातील भगवंतही मौन राहिलेले नाहीत. ते प्रश्न विचारतात, उत्तर घेतात आणि निष्कर्ष त्या ब्राह्मणाच्याच तोंडून काढतात. 'आम्ही स्वीकारीत नाही' हे वाक्य त्यांनी मनातल्या मनात म्हटलेले नाही. ते समोरच्याला ऐकवले आहे. अस्वीकार उच्चारला गेला, म्हणून तो अस्वीकार झाला. उपासिकेच्या प्रश्नाचा पहिला धागा आम्हांस येथे सापडला.

'वसल' कोणास म्हणावे?

सुत्तनिपातातील वसल सुत्तात अपशब्द अधिक उघड आहे. भगवान श्रावस्तीत घरोघर भिक्षा घेत चालले असता अग्गिक भारद्वाजाच्या घरापाशी येतात. घरात अग्नी पेटलेला आहे, आहुती सिद्ध आहे. त्यांना लांबूनच पाहून ब्राह्मण ओरडतो आणि तेथेच थांबण्यास सांगतो. त्या वेळी तो तीन संबोधने वापरतो : मुंडक, समणक, वसलक. या तिन्ही शब्दांच्या शेवटी असलेला 'क' हा प्रत्यय येथे तुच्छता दाखवितो. 'समण' हा आदराचा शब्द. त्याला 'क' लावला की त्याचे हिणवणे होते. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावांना गावाने लावलेला 'या' हा प्रत्यय आपल्या घरांतून अजून विसरला गेलेला नाही. रामाचा राम्या आणि गोपाळाचा गोप्या करणारे व्याकरण आणि 'समणक' म्हणणारे व्याकरण यांची जात एकच.

भगवंतांनी या शब्दांवर आक्षेप घेतला नाही, की मी वसल नाही असेही म्हटले नाही. त्यांनी विचारले की, वसल कोण आणि माणूस कशाने वसल होतो हे तुला ठाऊक आहे काय? ब्राह्मणाला कबूल करावे लागले की, ते आपल्याला ठाऊक नाही. या एका प्रश्नाने परिस्थिती पालटली. आतापर्यंत चर्चेचा विषय भगवंतांचा जन्म हा होता. आता तो त्या शब्दाचा अर्थ झाला. पुढे भगवंत वसलाची लक्षणे एकामागून एक सांगतात : क्रोधी आणि डूख धरणारा, प्राण्यांवर दया नसलेला, कर्ज घेऊन ते नाकबूल करणारा, पैशासाठी खोटी साक्ष देणारा, सामर्थ्य असून वृद्ध आईबापांना न पोसणारा. यांत जन्माचा संबंध कोठेही नाही. शेवटी मातंग या चांडालपुत्राचे उदाहरण येते, ज्याच्या सेवेला क्षत्रिय आणि ब्राह्मण येत असत.

आज कोणी 'मेरिट' हा शब्द आपल्या तोंडावर फेकतो तेव्हा आपण बहुधा आपल्या गुणपत्रिकेकडे धावतो. 'मला इतके गुण होते' असे सांगू लागतो. म्हणजे फेकणाऱ्याने आखलेल्या रिंगणातच आपण उभे राहतो. वसल सुत्ताची रीत निराळी आहे. गुणवत्ता म्हणजे नेमके काय, ती कशाने ठरते आणि ती ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी विचारावे. प्रश्न शांतपणे विचारला तर बहुतेक वेळा समोरच्याजवळ उत्तर नसते. कारण त्याने तो शब्द अर्थासाठी वापरलेलाच नसतो.

अंबट्ठाची लाज

शब्दाइतकेच वर्तनही बोलते. दीघ निकायातील अंबट्ठ सुत्तात पोक्खरसाति या विद्वान ब्राह्मणाचा शिष्य अंबट्ठ भगवंतांना भेटावयास येतो. भगवान बसलेले असताना तो येरझाऱ्या घालीत, उभ्या उभ्या बोलतो. वृद्ध आचार्यांशीही तू असाच बोलतोस काय, असे विचारता तो सांगतो की, ब्राह्मणांशी आपण रीतीने बोलतो. मुंडन केलेल्या, ब्रह्मदेवाच्या पायांपासून उपजलेल्या या हलक्या श्रमणांशी असेच बोलावयाचे असते. पुढे तो शाक्यांची तीनदा निंदा करतो.

मात्र या निंदेमागील कारणही सुत्ताने दडविलेले नाही. अंबट्ठ एकदा कपिलवस्तूस गेला असता शाक्यांच्या सभागृहात तरुण शाक्य एकमेकांना बोटांनी डिवचीत हसत होते आणि त्याला कोणी आसनही दिले नाही. अपमान करणारा स्वतः कोठेतरी अपमानित झालेला होता. संगीतिकारांनी शाक्यांचा हा उद्धटपणा गाळला नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. भगवंत प्रथम सौम्यपणे सांगतात की, लहानशी लटुकिका चिमणीसुद्धा आपल्या घरट्यात मनासारखी चिवचिवते. तेवढ्यावरून रुसू नये. तरी तो थांबत नाही, तेव्हा ते त्याचे गोत्र विचारतात आणि त्याचे कण्हायन गोत्र ओक्काक राजाच्या दिसा नावाच्या दासीपासून निघाले, हे त्याच्याकडून कबूल करवून घेतात.

आमच्या मते या सुत्ताचा गाभा यानंतर येतो. अंबट्ठासोबत आलेले ब्राह्मण तरुण, जे क्षणापूर्वी त्याची बाजू घेत होते, तेच त्याला दासीपुत्र म्हणून हिणवू लागतात. येथे भगवान थांबले असते तरी वाद जिंकलेला होता. पण ते थांबत नाहीत. अंबट्ठाला दासीपुत्र म्हणून फार हिणवू नका, असे ते त्या तरुणांना सांगतात आणि त्याचा पूर्वज कण्ह हा थोर ऋषी झाला, ही कथा सांगून त्याची लाज राखतात. जातीचा अभिमान मोडावयाचा होता, माणूस मोडावयाचा नव्हता. 'दासीपुत्र' हा शब्द शत्रूला लागू झाला म्हणून तो आपल्याला चालतो, असे त्यांनी मानले नाही. जातीवरून हिणविणाऱ्याला त्याच्या जातीवरून हिणविणे हे उत्तर नव्हे. ती त्याच रोगाची लागण होय. हे आपल्यासाठीही लिहून ठेवण्याजोगे आहे.

प्रश्नाची शक्ती

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात हीच पद्धत पूर्णत्वास गेली आहे. अस्सलायन हा सोळा वर्षांचा वेदपारंगत तरुण. श्रमण गोतमाशी वाद करणे अवघड आहे, असे तो सांगत असता इतर ब्राह्मण त्याला आग्रहाने पुढे करतात. ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण, तो ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मला, हा त्याचा पक्ष. भगवान त्याला साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी विचारतात. ब्राह्मण स्त्रिया गर्भवती होतात आणि प्रसवतात की नाही? योन आणि कंबोज या देशांत केवळ आर्य आणि दास असे दोनच वर्ग आहेत व तेथे आर्याचा दास आणि दासाचा आर्य होऊ शकतो, हे तू ऐकले आहेस की नाही? चंदनाच्या लाकडाने पेटविलेल्या आणि चांडालाने हलक्या लाकडाने पेटविलेल्या अग्नीत उष्णतेचा व प्रकाशाचा काही भेद असतो काय? अखेर आपल्या सात पिढ्यांतील माता केवळ ब्राह्मणाकडेच गेल्या, हे तुम्ही जाणता काय, हा असित देवल ऋषीचा प्रश्न येतो. अस्सलायन मान खाली घालून गप्प बसतो.

मधुर सुत्तात महाकच्चान स्थविर मथुरेच्या अवंतिपुत्त राजाला याच प्रकारे प्रश्न विचारीत नेतात आणि वर्णश्रेष्ठत्व हा लोकांतील नुसता 'घोस', म्हणजे निव्वळ आवाज आहे, हे दाखवितात. पूर्वग्रह हा बहुधा असाच असतो. पुष्कळांनी पुष्कळदा उच्चारल्यामुळे तो ज्ञानासारखा वाटतो. 'हे तुला कसे ठाऊक?' असे विचारताच त्यातील पोकळी वाजते.

संघाची जबाबदारी

येथपर्यंतची उदाहरणे भगवान बुद्ध आणि त्यांचे थोर शिष्य यांची आहेत. परंतु रोजच्या माणसाजवळ अशी प्रज्ञा आणि असा अधिकार कोठून असावा? उपासिकेच्या प्रश्नातील खरी वेदना हीच होती : प्रत्येक वेळी उत्तर मीच का द्यावयाचे? याचे उत्तर आम्हांस सुत्तपिटकात नव्हे, तर विनयपिटकात मिळाले.

पाचित्तिय नियमांपैकी दुसरा नियम 'ओमसवादा'चा आहे. ओमसवाद म्हणजे टोचून, हिणवून बोलणे. छब्बग्गिय म्हणून ओळखले जाणारे भिक्खू सदाचारी भिक्खूंशी भांडून त्यांना हिणवू लागले, हे या नियमाचे निमित्त. हिणविण्याचे दहा आधार तेथे मोजले आहेत : जात, नाव, गोत्र, काम, शिल्प, रोग, शरीराची ठेवण, मनाचे विकार, घडलेले अपराध आणि शिव्या. जातीच्या बरोबरीने नाव आणि गोत्र हेही आधार धरले आहेत, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. 'पूर्ण नाव काय?' या प्रश्नाचे मर्म विनयकारांना अवगत होते.

प्रसंग पुढे कसा जातो ते पाहावे. हिणविले गेलेले भिक्खू मुकाट्याने सोसत नाहीत. ते उघडपणे तक्रार करतात, हे कसे काय घडते असे विचारतात. गोष्ट भगवंतांच्या कानी जाते. ते तक्रार करणाऱ्यांना सहनशीलतेचा उपदेश करीत नाहीत. हिणविणाऱ्यांना बोलावून विचारणा करतात आणि त्यांचा निषेध करतात. तक्षशिलेच्या नंदिविसाल बैलाची कथा सांगतात, जो अपशब्द ऐकून जागचा हलला नाही आणि गोड शब्द ऐकताच शंभर गाड्या ओढून गेला. मग ते नियम घालून देतात. हिणविणे हा हिणविणाऱ्याचा दोष ठरला. तो मिटविण्याची जबाबदारी हिणविले गेलेल्याच्या क्षमेवर न टाकता संघाच्या शिस्तीवर टाकण्यात आली.

या नियमाच्या विभंगातील बारकावे तर आजच्या कोणत्याही नियमावलीस शोभतील. थेट न बोलता 'येथे काही जण अमुक जातीचे आहेत' असे आडून बोलणेही दोषास्पद आहे. वरकरणी मोठेपणाचा शब्द वापरून उपहास करणेही दोषास्पद आहे. आणि हिणविण्याचा हेतू नव्हता, केवळ गंमत म्हणून बोललो, असे म्हणणारासुद्धा सुटत नाही. त्याला 'दुब्भासित' हा हलका दोष लागतो. 'अहो, मी सहज विनोदाने म्हणालो' या सबबीची दखल विनयाने घेऊन ठेवली आहे.

त्या काळचा समाज ज्यांना हीन मानीत असे, त्या जाती, कामे आणि शिल्पे यांची यादीही विभंगात आहे. ती वाचताना आजच्या वाचकाला ठेच लागते. पण काम आणि शिल्प यांविषयी सांगताना विभंग म्हणतो की, ज्या ज्या जनपदात जे तुच्छ लेखले जाते ते तेथे हीन समजावे. म्हणजे हीनपणा कामात नाही, पाहणाऱ्याच्या नजरेत आहे; जनपद बदलले की तोही बदलतो. त्या यादीत हीन शिल्प म्हणून न्हाव्याच्या कामाचा उल्लेख येतो. आणि पहिल्या संगीतीत विनयासंबंधीच्या प्रश्नांना उत्तरे देणारा स्थविर परंपरेनुसार कोण होता? शाक्यांचा न्हावी असलेला उपालि. ज्याच्या शिल्पाचा उच्चार हिणविण्यासाठी होई, त्याच्याच मुखातून हिणविण्याविरुद्धचा नियम संघाने ऐकला. हाच उपालि शाक्य राजपुत्रांबरोबर प्रव्रज्येस आला तेव्हा, आमचा अभिमान उतरावा म्हणून याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हांला याला वंदन करावे लागेल, अशी विनंती त्या राजपुत्रांनीच केली होती. कपिलवस्तूच्या सभागृहात हसणाऱ्या शाक्यांचा गर्व उपदेशाने नव्हे, संघातील ज्येष्ठतेच्या नियमाने उतरला. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात उपालिच्या दीक्षेला स्थान दिले, ते उगाच नव्हे.

दौलताबाद आणि महाड

ही परंपरा ग्रंथातच राहिली नाही. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहावयास निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. तो प्रदेश तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रमजानचा महिना होता. प्रवासाने धुळकटलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराजवळील लहानशा हौदावर हातपाय धुतले. एक वृद्ध मुसलमान गृहस्थ, धेडांनी हौद बाटविला, अशी ओरड करीत आला आणि पाहता पाहता जमाव जमून शिवीगाळ सुरू झाली. आपण परके आहोत, येथील रीत आपल्याला ठाऊक नव्हती, हे सांगून काही उपयोग झाला नाही. तेव्हा बाबासाहेबांनी विचारले की, हेच तुमचा धर्म शिकवितो काय, आणि हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला तर त्याला तुम्ही या हौदाचे पाणी घेऊ देणार नाही काय? जमाव निरुत्तर झाला. अस्सलायन ज्या ठिकाणी मान खाली घालून बसला, त्याच ठिकाणी हा जमाव आला होता.

तथापि या प्रसंगाचा शेवट रंगवून सांगण्यात अर्थ नाही. किल्ल्यात प्रवेश मिळाला तो पाण्याला कोठेही स्पर्श न करण्याच्या अटीवर, आणि बरोबर एक सशस्त्र शिपाई देण्यात आला. योग्य उत्तराने तोंडे मिटली. व्यवस्था हलली नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत नोंदवून ठेवला. त्या आठवणी १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केल्या. ज्याचे निवारण त्या क्षणी होत नाही त्याची अचूक नोंद करणे, हेही उकलण्याचेच काम होय.

व्यवस्था हलविण्यासाठी काय करावे लागते, हे महाडने दाखविले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर पाणी घेतल्यानंतर परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली. प्रतिकारास सिद्ध झालेल्या अनुयायांना बाबासाहेबांनी आवरले. पण आवरणे म्हणजे सोडून देणे नव्हते. तळ्याचे 'शुद्धीकरण' करून सवर्णांनी अपमानावर अपमान केला. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले आणि त्यातून या वर्तनाचा युक्तिवादाने समाचार घेतला गेला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. प्रकरण न्यायालयात गेले आणि दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अस्पृश्यांना वगळण्याची पुरातन वहिवाट सिद्ध झालेली नाही. सात पिढ्यांचे तुम्हांला ठाऊक आहे काय, हा असित देवलाचा प्रश्न जणू न्यायासनावरून विचारला गेला आणि प्रतिपक्षाजवळ पुरावा नव्हता. क्रोधाचा निग्रह, असत्याची उकल आणि नियमाची स्थापना हे तिन्ही टप्पे या दहा वर्षांत एकापाठोपाठ आलेले दिसतात.

पुढे संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या आचरणास शिक्षा ठेवली. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने लोकांच्या नजरेसमोर हेतुपुरस्सर केलेल्या अपमानास शिक्षा ठेवली, आणि २०१५ च्या दुरुस्तीने जातिवाचक शिवीगाळीचा स्वतंत्र उल्लेख केला. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० साली मिळाला, म्हणून हे संरक्षण त्यांनाही आहे. हेतू आणि चारचौघांची उपस्थिती यांचा विचार करणारा हा कायदा वाचताना ओमसवादाच्या विभंगाची आठवण होते. तथापि कायदा उंबरठ्यावरच्या अपराधांसाठी असतो. जेवणाच्या डब्याभोवती होणाऱ्या कुजबुजीपर्यंत तो पोहोचत नाही. तेथे परंपरेने दिलेली साधनेच वापरावी लागतात.

उपासिकेस उत्तर

तर मग त्या उपासिकेने काय करावे? पहिली गोष्ट, तिचा राग स्वाभाविक आहे. तो आला म्हणून तिने स्वतःला कमी बौद्ध समजू नये. त्याला थोडा वेळ द्यावा, म्हणजे समोरचा अजाण आहे की दुष्ट, हे दिसू लागेल. दोघांना एकच उत्तर देता येत नाही. दुसरी गोष्ट, बोलावे. 'तुमचं बरं आहे' असे कोणी म्हटले तर 'म्हणजे नेमके काय, समजावून सांगा' असे शांतपणे विचारावे. 'हे बोलणे मला मान्य नाही' हे वाक्य एकदा तरी स्वच्छ आवाजात उच्चारावे. भिक्खूने दुसऱ्याचा दोष दाखविताना योग्य वेळ पाहावी, सत्य बोलावे, मृदू बोलावे, हिताचे बोलावे आणि मैत्रचित्ताने बोलावे, अशा पाच कसोट्या विनयात आहेत. त्या येथेही उपयोगी पडतात. योग्य वेळ अनेकदा चारचौघांत नसते, दुपारी दोघेच असताना येते. तिसरी गोष्ट, तारीख आणि शब्द लिहून ठेवावेत. आणि चौथी गोष्ट, शांत उत्तर पुन्हा पुन्हा व्यर्थ गेले तर वरिष्ठांकडे, आणि प्रसंग तसाच असेल तर कायद्याकडे जाण्यात क्षमेचा भंग होतो, असे मुळीच मानू नये. सदाचारी भिक्खूंनीही तक्रार केली होती.

पण या लेखाचा शेवट तिच्या कर्तव्यांनी करणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. तिच्या टेबलाशेजारी आणखी चार टेबले आहेत. विनोद ऐकून जे हसत नाहीत, परंतु बोलतही नाहीत, त्यांचे काय? त्यांतील एकाने 'असे बोलू नका' एवढे म्हटले तर तिचे निम्मे ओझे हलके होईल. ओमसवादाचा नियम हेच सांगतो की, अपमान ज्याचा झाला त्याच्या एकट्याचा तो प्रश्न नसतो, ज्या सभेत झाला त्या सभेचा असतो.

आणि ती सभा आपलीही असू शकते. विवाहाची बोलणी चालली असता 'ते मूळचे कोण?' असा दबका प्रश्न बौद्ध घरांतून अद्याप ऐकू येतो. उपजातीवरून, गावावरून, सफाईच्या कामावरून थट्टा करणारे आपल्यातही आहेत. त्या वेळी भिंतीवर भगवंतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते. कपिलवस्तूच्या सभागृहात हसणारे शाक्यही भगवंतांचेच आप्त होते, हे विसरून चालणार नाही.

पुढच्या वर्षावासात तीच कथा पुन्हा सांगण्याचा योग आला तर आम्ही ती ताटापाशी थांबविणार नाही. न स्वीकारलेले अन्न यजमानाचे राहते, हे खरेच आहे. परंतु ते यजमानाला दाखवावे लागते, त्याचे नाव त्याला सांगावे लागते, आणि पंक्तीत बसलेल्या इतरांनीही 'हे येथे वाढू नका' असे म्हणावे लागते. ती उपासिका त्या दिवशी पुन्हा आली, तर तिने आपली शंका सर्वांसमोर विचारावी, अशी आम्ही तिला विनंती करू.